सिकेटरची खंडेनवमी

आमच्या तळमजल्यावरील घरामागे जेमतेम दहा फूट जमीन असून तीत एक जास्वंद, एक कढीपत्ता आणि स्वतःच्या हिमतीवर उगवलेले बरेच काही आहे. मात्र तिच्या मशागतीसाठी मी जमवलेली अवजारे पाहून कोणालाही मी दोन एकरांचा बागायतदार वाटावा. ही अवजारे मी पावसाळाभर विसरतो आणि आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, पूजेसाठी शोधू लागतो. यंदा खुरपे कढीपत्त्याच्या बुंध्याशी सापडले, कुदळ आणि तिचा दांडा विभक्त राहत असल्याचे कळले आणि सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, मात्र ज्येष्ठात ठेवले होते तिथेच, नळाखाली, दातखीळ बसलेल्या अवस्थेत आढळले.

दांडा मी बादलीत भिजत घातला. लाकूड फुगून तो घट्ट बसला, वाळल्यावर पुन्हा सुटला. त्याला पाचरच हवी होती.

सिकेटर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे, असे शेजारच्या काकांनी सुचवले. "अहो, ती लोणच्याची बरणी आहे," हे मला सकाळी, गंजाचा तांबूस रस्सा तयार झाल्यावर, सांगण्यात आले. तारेच्या घासणीने पाती उजळली, तेलाने सांधा सैल झाला, आणि इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु मी कानस हाती घेतली. सिकेटरच्या पात्याला फक्त उतरत्या बाजूनेच धार लावायची असते, कारण सपाट बाजू झिजली की पाते समोरच्या चोचीला घासून सरकत नाही, मध्ये फट राहते आणि फांदी कापली जाण्याऐवजी चघळली जाते. हे ज्ञान मला काकांकडून मिळाले तेव्हा मी दोन्ही बाजूंना समान न्याय देऊन चुकलो होतो. त्याच सुमारास स्प्रिंग उडाली. ती जास्वंदीत शोधण्यात माझी दुपार गेली (काट्यांची झाडे न लावण्याचा माझा आळस त्या दिवशी कामी आला).

संध्याकाळी पाटावर सगळी अवजारे मांडली, हळदकुंकू लावले. फुले हवी होती म्हणून मी सिकेटर उचलले. त्याने जास्वंदीचा देठ दोनदा चावला आणि तसाच सोडून दिला. शेवटी पत्नीने पाच फुले हाताने खुडली आणि त्यांतले सर्वांत टपोरे सिकेटरवर वाहिले. पुजलेले अवजार त्या दिवशी वापरायचे नसते, असे तिने मला बजावलेही.