रविवारची गोळी आणि जबड्याची भीती

‘हाडं मजबूत करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दात काढू नका, जबडा कुजतो. काढायचाच असेल तर आठ दिवस आधी गोळी थांबवा. कॅल्शियमही बंद.’ हा निरोप दवाखान्यात कुणी ना कुणी मोबाइल पुढे करून दाखवतंच. दात काढणं हेच माझं काम, म्हणून उत्तर देतो.

जबड्याचं हाड मरतं, ही थाप नाही. अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड, डेनोसुमॅब ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतात. दात काढल्यावरचा खड्डा नीट भरायलाही त्याच पेशी लागतात. क्वचित तिथलं हाड उघडंच राहतं, आठ आठवडे उलटले तरी. पण किती जणांचं? ठिसूळ हाडांसाठी आठवड्याची गोळी घेणाऱ्यांत दहा हजारांत साधारण 2 ते 5. कॅन्सर हाडांत पसरल्यावर झोलेड्रोनिक अॅसिड तीन-चार आठवड्यांनी शिरेतून देतात. तिथे धोका कितीतरी पट जास्त. निरोपाने दोघांना एकाच दावणीला बांधलं.

आता ते आठ दिवस. आठवड्याच्या गोळीत आठ दिवस म्हणजे एक गोळी! अॅलेंड्रोनेट हाडात शिरलं की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं, त्याला एका गोळीचं काय? डेनोसुमॅबचं उलट आहे. सहा महिन्यांचं इंजेक्शन मनानेच लांबवलं तर थोपलेली झीज उसळते आणि पाठीचे मणके दबून मोडू शकतात. दात काढायची तारीख इंजेक्शनशी जुळवायची असते, आणि तीही दोन्ही डॉक्टरांनी बोलून.

‘दात काढूच नका’ हा सल्ला तर घातकच. पू धरलेला दात तोंडात ठेवला की तोच संसर्ग जबड्याला नडतो. रूट कॅनालने वाचत असेल तर जरूर वाचवावा.

कॅल्शियमचा इथे काही संबंध नाही.

गेल्या महिन्यात एक मावशी आल्या. “औषधं?” “बीपीची, बास.” पिशवी टेबलावर उलटी केली, तर चारच्या पट्टीत दोन गोळ्या उरलेल्या. “अहो, ही रविवारची. हिला कुठे औषध म्हणायचं?” उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हे सगळं पाठ, मला सांगायचं तेवढं राहिलं. वर्षातून एकदा सलाइनमधून औषध घेणारे तर ते हमखास विसरतात.

मावशींची दाढ काढली, टाके घातले. महिन्याने पाहिलं, तर हिरडीने खड्डा झाकून टाकला होता.