परदेशात अटक झाली तर वकिलातीचं नाव घ्यायचंच

माझा भाचा लवकरच जहाजावर रुजू होतोय. त्याला ताईने काळजीपोटी एक मेसेज पुढे पाठवला, तोच जो सध्या गावाच्या, शाळेच्या, भावकीच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय: 'परदेशात नोकरीला जाणाऱ्यांनी जरूर वाचा.' त्याचा सारांश असा: हेगच्या कोर्टाने (म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने) कुलभूषण जाधव यांना, पाकिस्तानने हेर म्हणून पकडलेल्या आपल्या माजी नौदल अधिकाऱ्याला, निर्दोष सोडलं, पाकिस्तानने ते धुडकावलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायदा नुसता कागदावर आहे. हे कोर्ट जगाचं सुप्रीम कोर्ट, तिथे कुणीही अर्ज करू शकतो, पण उपयोग शून्य. म्हणून परदेशात पोलिसांनी धरलंच तर वकिलातीचं नाव काढू नका, केस चिघळते. सांगतील तिथे सही करा आणि सुटा.

शेवटच्या दोन वाक्यांनी माझं डोकं फिरलं. बाकीचं चुकीचं आहे, हे घातक आहे.

वकिलातींच्या कामाबद्दलच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम नेमक्या याच प्रसंगासाठी आहे. परक्या देशात अटक झालेल्या माणसाला, वकिलातीला कळवण्याचा तुला हक्क आहे, असं तिथल्या पोलिसांनी विनाविलंब सांगायला हवं. त्याने मागणी केली की त्यांनी वकिलातीला तितक्याच तातडीने कळवायला हवं. वकिलातीच्या अधिकाऱ्याला कोठडीत भेटता येतं, बोलता येतं, वकील लावून देता येतो. यातली मेख लक्षात घ्या: कळवायचं ते त्या माणसाने मागितलं तर. काही देशांचे आपसांत वेगळे करार असतात, पण या कलमाची किल्ली अटक झालेल्याच्याच तोंडात आहे. तो गप्प बसला तर वकिलातीला पत्ताच लागायचा नाही. आणि हा मेसेज आमच्या विशीतल्या पोराला गप्प बस म्हणून शिकवतोय! वर, वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही कर म्हणतोय. ती सही कबुलीजबाबावर असली, तर पुढे वकील तरी काय करणार?

ज्या जाधवांचं नाव घेऊन हा सल्ला दिलाय, त्यांचं प्रकरण उलटंच शिकवतं. ३ मार्च २०१६ ला पाकिस्तानने त्यांना पकडलं. भारताला कळवलं २५ मार्चला. भारत पुन:पुन्हा मागत असूनही आपल्या अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिलं नाही आणि १० एप्रिल २०१७ ला लष्करी न्यायालयाने फाशी सुनावल्याचं जाहीर झालं. ही शिक्षा कोठडीत घेतलेल्या कबुलीजबाबावर उभी आहे, असं भारताचं म्हणणं होतं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला आई आणि पत्नी भेटायला गेल्या, तेव्हा मध्ये काच होती. मंगळसूत्र उतरवायला लावलं. आई मराठीत बोलू लागली की तिला अडवलं जात होतं. हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदनात आहे. वकिलातीचा माणूस वेळेत पोचू दिला नाही की काय होतं, ते हे.

आता निकाल. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी हेगचं हे न्यायालय म्हणालं की पाकिस्तानने कलम ३६ मोडलं. हेरगिरीच्या आरोपीला हा हक्क नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद फेटाळला. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असं बजावलं. पण निर्दोष? मुळीच नाही. शिक्षा रद्द करा, सोडून द्या, ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. ते दोषी की निर्दोष, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हताच. जे दिलंच नाही ते धुडकावलं कसं?

'कुणीही अर्ज करू शकतो' हेही खोटं. तिथे फक्त देश पक्षकार होतात, तेही संमती असेल तरच. व्हिएन्ना कराराबद्दलचे वाद या न्यायालयापुढे नेता येतील, असं मानणाऱ्या ऐच्छिक पूरक करारात भारत आणि पाकिस्तान दोघेही सामील होते, म्हणून हा खटला उभा राहिला. माणसांवर खटले चालवणारं फौजदारी न्यायालय हेगमधलंच, पण वेगळं. भारत त्याचा सदस्य नाही.

राहिला 'नुसता कागद'. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मानतो. या न्यायालयाकडे पोलीस नाहीत. निकाल पाळला नाही तर सुरक्षा परिषदेकडे जायचं आणि तिथे नकाराधिकार आडवा येतो. २००४ मध्ये याच कलमावर मेक्सिको अमेरिकेविरुद्ध जिंकला, तरी त्या निकालातल्या होझे मेडेयिन या मेक्सिकन कैद्याला टेक्ससने २००८ मध्ये मृत्युदंड दिलाच. जाधवही घरी आलेले नाहीत. पण त्या निकालानंतर, २ सप्टेंबर २०१९ ला, भारतीय अधिकारी त्यांना पहिल्यांदा भेटू शकला. फेरविचारासाठी पाकिस्तानला आधी अध्यादेश आणि २०२१ मध्ये कायदा करावा लागला. तो कितपत प्रामाणिक, यावर भारताचे आक्षेप आहेत आणि माझेही आहेत.

भाच्याला मी एकच सांगितलंय. जहाज ज्या ज्या देशात लागणार, तिथल्या भारतीय वकिलातीचा नंबर मोबाइलमध्ये नको, मोबाइल आधी काढून घेतात. कागदावर लिहून खिशात ठेव. अटक झालीच तर पहिलं वाक्य हे: 'मी भारतीय आहे, माझ्या वकिलातीला कळवा.' ते होईपर्यंत आणि दुभाषा येईपर्यंत सही नाही. ताईने तो मेसेज काढून टाकलाय. तुमच्या ग्रुपवर असेल तर त्याखाली हे डकवा.