तांबट बोलायला लागला

आज सकाळी कपडे वाळत घालताना तांबट पक्षी ऐकला. टुक्, टुक्, टुक्, टुक्. मध्ये दम खाणं नाही, लय चुकणं नाही. लहानपणी आम्ही कसब्यात राहायचो, तेव्हा तांबट आळीतून पातेली आणि बंब ठोकल्याचा आवाज यायचा, तो अगदी अस्साच. पक्ष्याला हे नाव त्या आळीत राहणाऱ्या कुणीतरीच दिलं असणार, असं मला अजूनही वाटतं. (सगळं पुण्यातच सुरू झालं असं आम्हाला वाटतं, चालायचंच.)

तर माझ्यापुरता वसंत सुरू झाला. पंचांगात तो चैत्र-वैशाखात असतो. पंचांगाबद्दल पूर्ण आदर आहे, पण वैशाखात भर दुपारी लक्ष्मी रोडला जाऊन या आणि मग सांगा. आमचा वसंत फेब्रुवारीतला. पहाटे १२ अंश, दुपारी ३२. सकाळी स्वेटर घालून टेकडीवर गेलेला माणूस उतरताना तो कमरेला बांधून येतो, ते दिवस.

तळमजल्यावर राहण्याचे बाकी सगळे तोटेच आहेत, पण खिडकीखाली दहा बाय पंधराची माती मिळाली आहे. तिथे गेले आठ दिवस रोज काहीतरी घडतंय. कढीपत्ता थंडीत पार उतरला होता, फोडणीला चार पानं मिळणं मुश्कील. आता प्रत्येक शेंड्यावर तांबूस-पोपटी लव आली आहे. लिंबाला फुलं धरली आहेत. आंब्याच्या मोहराबरोबर येतो म्हणून बागायतदार याला आंबे बहार म्हणतात. शेवगा फुलांनी पांढरा झालाय आणि त्यावर शिंजीर, फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी. हा नर दिवाळीत बघावा तर मळका पिवळसर, गळ्यापासून पोटापर्यंत नुसती एक काळी रेघ. आता उन्हात असा जांभळा चमकतो की दुसराच कुणी वाटावा. मोगऱ्याचं पाणी मी जानेवारीत तोडते, पानं ओरबाडते, छाटते. सासूबाईंना ते बघवत नसे. "अगं, मेला तो आता!" असं दरवर्षी म्हणायच्या आणि गुढीपाडव्यानंतर गजरा पहिला त्यांनाच लागायचा.

पण आज लिहायला बसले ते या कौतुकासाठी नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून जे चाललंय त्यासाठी.

आपल्याकडे पानगळ आणि पालवी यांच्यात हातभर अंतर नसतं. फाटकाजवळच्या पिंपळाची जुनी पानं खाली पडतायत आणि त्याच फांदीवर तांब्याच्या रंगाची नवी लवलवतायत. कडुनिंबाचं तेच. ग्रुपला मात्र फक्त खालचं दिसतं. "कचरा फार होतो." "आंब्याच्या चिकट्याने गाडीची काच खराब झाली." (तो तुडतुड्यांचा प्रताप, आंब्याचा नाही.) आणि शेवटी हमखास: "एकदाची झाडं साफ करून घेऊ या."

गेल्या वर्षी अशीच साफसफाई झाली. कडुनिंब बोडका केला आणि पाडव्याच्या सकाळी वॉचमनकाकांना कोवळा पाला आणायला पाठवलं! गूळ-जिरं-हिंग घालून जी पानं आपण खातो, ती जुनी गळल्याशिवाय यायची कुठून? त्याच दिवशी पार्किंगजवळच्या गुलमोहराची एक वाळकी फांदी गेली. वाळकीच तर होती, असं सगळे म्हणाले. तांबटाला वाळकीच लागते. मऊ पडलेल्या लाकडात खालच्या बाजूने गोल भोक पाडून तो घर करतो. त्या फांदीला तसं भोक होतं, मी दोनदा सांगितलंही होतं. फांदी छाटायलाही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, तीसुद्धा घेतली नव्हती. मी बोलले तर "ताई, एका पक्ष्यासाठी?"

आणि हीच मंडळी पुढच्या रविवारी वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाखाली फोटो काढून 'पुण्याचा चेरी ब्लॉसम' म्हणून टाकणार. गिरिपुष्प दिसतं देखणं, नाही कोण म्हणतंय? पण ते मध्य अमेरिकेतून आलेलं, आपल्या टेकड्यांवर लावलेलं झाड. त्याला जपानचं नाव कशाला? फुललेला पळस, पांगारा, काटेसावर कुणी विचारत नाही, कारण त्यांची तुलना कुणाशी करायची ते ठाऊक नाही.

पाचोळा मी माझ्यापुरता मागून घेतला आहे. दोन पोती भरून मोगऱ्याच्या आणि लिंबाच्या बुडाशी पसरला, उन्हाळ्यात पाणी निम्मं लागतं. ज्यांना नको असेल त्यांनी माझ्या खिडकीखाली आणून टाका, खरंच.

शेवग्याचं एक जुनं खोड दोन वर्षांपूर्वी वाळलं. माळीमामा तोडायला निघाले होते, मी राहू दिलं. काल त्याच्याखाली चिमूटभर भुसा पडलेला दिसला. भुंगा असेल, नाहीतर तो असेल. मी तिथला कोपरा झाडलेला नाही.