घरात कोण आजारी हाय?

काल सकाळी साडेसातच्या सुमारास, भर पावसात, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका बेकरीत एका अनोळखी आजोबांनी मला हा प्रश्न विचारला. माझ्या हातात ट्रे, ट्रेवर घरातला सगळ्यात चांगला नॅपकिन, आणि रेनकोटाच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत पोचलेलं. मी म्हटलं, "कोण नाही." आजोबांचा विश्वास बसला नाही.

प्रकरण थोडक्यात असं. आण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, शुगर वाढली. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं, बाईंनी कागद दिला, कागद फ्रिजवर चिकटला. 'नाश्त्यात भाज्या वाढवाव्यात.' कागदावर नाव आण्णांचं, पण तो चिकटवून झाल्यावर घरातल्या यच्चयावत माणसांनी माझ्याकडे बघितलं. मग मी रविवारच्या नाश्त्याला भाज्यांचे मफिन करायचे ठरवले. गाजर, पालक, दुधी. मैदा नाही, कणीक आणि ज्वारीचं पीठ. साखर नाही. दुधीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून किसून, मीठ लावून, पंचात घट्ट पिळून घेतला. ओव्हन १८० अंशांवर तापवला, ट्रे आत ठेवला, २५ मिनिटांचा टायमर लावला आणि मिनिटभर स्वतःवर खूश होऊन उभी राहिले.

वीज गेली.

कॉलनीच्या ग्रुपवर लगेच 'तुमची गेली का?' 'आमची पण' सुरू झालं. हा संवाद आमच्याकडे पावसाळ्यात गजरासारखा होतो आणि त्याने कधीही वीज आलेली नाही. मला मात्र थांबायला सवड नव्हती. सोडा दह्यातल्या आंबटाला भेटला की त्याच क्षणी वायू सुटायला लागतो. ते बुडबुडे पिठात आहेत तोवर आच मिळाली तर मफिन फुगतो. नाहीतर बुडबुडे निघून जातात आणि पीठ खाली बसतं. बेकिंग पावडरीचा थोडा जोर आचेसाठी राखून असतो, पण तिच्या भरवशावर तरी किती वेळ बसायचं?

तेव्हा मला नानकटाई आठवली. लहानपणी मे महिन्यात आई मैदा, पिठीसाखर, डालडा आणि मला घेऊन बेकरीत जायची. बायकांची रांग असायची, प्रत्येकीचा पत्र्याचा डबा, डब्यावर खडूने नाव. आपलं पीठ दुसरीच्या ट्रेमध्ये जाऊ नये म्हणून आई तिथे जो पहारा द्यायची, तो तिने माझ्या लग्नात दागिन्यांवरसुद्धा दिला नाही. तर भट्टी ही काही आमच्या घराण्याला नवी गोष्ट नव्हती. पोराला झोपेतून उठवला, ट्रे त्याच्या मांडीवर दिला आणि स्कूटर काढली.

बेकरीत आत शिरताक्षणी पोराच्या लक्षात आलं की समोरच्या गल्लीत त्याच्या वर्गातला एकजण राहतो. तो हेल्मेट घालून आतच उभा राहिला. संपूर्ण वेळ. काच खाली ओढून.

"भाजून घ्यायला आलोय," मी भट्टीवाल्याला म्हटलं.

त्याने नॅपकिन उचलून बघितलं. कडेने जरा साय धरलेलं, मध्ये पातळ, हिरवं-केशरी. त्याने नॅपकिन पुन्हा झाकला. एवढ्यात बाकावरून आवाज आला, "काय आणलंयस पोरी?"

आजोबा ऐंशीच्या पलीकडचे असावेत. पांढरी टोपी, हाफ स्वेटर, मांडीवर बटरांचा पुडा, हातात चहाचा ग्लास. कान चेपून गोळा झालेले, म्हणजे तालमीतला माणूस. पाठ अशी ताठ की मी नकळत माझी सरळ केली.

"मफिन आहेत, आजोबा."

"म्हंजी?"

"भाज्यांचा केक."

आजोबांनी ग्लास खाली ठेवला. "वाढदिवस कुणाचा हाय?"

"कुणाचा नाही. नाश्त्याला केलाय."

"मग घरात कोण आजारी हाय?"

"कोण नाही."

"वाढदिवस न्हाई, आजारी न्हाई," आजोबांनी बेकरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा हिशोब मांडला, "आणि आज रविवार. मटणाच्या दुकानाम्होरं रांग लागलीया. आणि ही भाज्यांचा केक भाजालीया." मग आतल्या पोऱ्याला, "ए, हिकडं ये, बघ तरी." पोऱ्या आला. पाव न्यायला आलेल्या दोन बायकाही जवळ सरकल्या. त्यातली एक म्हणाली, "रंग चांगला आलाय हं," आणि तिच्या आवाजात एवढी दया होती की मला तिचा रागच आला.

भट्टीवाला तेवढ्यात कामाला लागला होता. पाव निघून गेले होते, भट्टी उतरायला लागली होती. "किती पायजे?" "१८०." तो हसला. तिथे काटा नव्हताच. त्याने चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर फेकला, तो किती वेळात लाल होतो ते बघितलं, आणि "बसतंय" म्हणून लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत ढकलला. माझ्या ओव्हनला दोन बटणं आणि एक दिवा आहे, तरी त्याच्यावर माझा इतका विश्वास कधी बसला नव्हता.

आता थांबणं आलं. आजोबांनी बाकावर जागा करून दिली आणि उलटतपासणी पुढे सुरू केली.

"पीठ कसलं?"

"कणीक आणि ज्वारी."

"ज्वारी हाय? मग भाकरी का न्हाई केलीस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. २०२३ साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून ज्वारी-नाचणी ऑफिसच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे मिरवते आहे. पण ज्या माणसाने जन्मभर ज्वारीच खाल्ली त्याला हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "पोरं भाकरी खात नाहीत." आजोबांनी हेल्मेटकडे बघितलं. हेल्मेट हललं नाही.

"तिखट कायतरी घातलीयास का?"

"मिरीपूड आहे थोडी."

"मिरी?" ते इतकं हळू म्हणाले की बायकांपैकी एकीने 'काय झालं?' विचारलं. "कांदा-लसूण चटणी सरली काय घरातली?"

"चटणी आहे हो. पण त्यात घालत नाहीत."

"कोण घालत न्हाई?"

मला खरोखरच सांगता येईना. व्हिडिओतली बाई घालत नव्हती. ती बाई कुठे राहते, तिच्या सासऱ्यांचं नाव काय, तिच्याकडे वीज जाते का, काही माहिती नाही. तिच्या ट्रेमधला प्रत्येक मफिन एकाच उंचीचा होता आणि तिच्या ओट्यावर एक थेंब सांडलेला नव्हता, एवढ्यावर मी तिचं ऐकलं.

"बरं, गूळ तरी?" आजोबा म्हणाले. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कागदावरचं मानांकन आजोबांच्या गावी नसेल, पण गूळ नाही म्हटल्यावर अपमान झाला तो त्यांचा स्वतःचा.

"गूळ कसा घालणार? सासऱ्यांना शुगर आहे."

"आजारी हाय की!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. शड्डूच तो. "मघाशी न्हाई म्हणालीस!" पोऱ्या हसला, बायका हसल्या, भट्टीवाल्याने तोंड फिरवलं. हेल्मेटच्या आतूनही काहीतरी आवाज आला, त्याचा हिशोब मी घरी चुकता केला.

जिंकल्यावर आजोबा खुलले. तालमीत असताना पहाटे जोर-बैठका, मग बदाम आणि खसखस वाटून केलेली थंडाई, मग म्हशीचं धारोष्ण दूध. खासबाग मैदान १९१२ सालचं, शाहू महाराजांनी बांधलेलं, पण आजोबा ते आपल्या परड्याबद्दल सांगावं तसं सांगत होते. कुठल्या बाजूला कोण बसायचं, कुस्ती निकाली झाली की टोप्या कशा उडायच्या. ऐकायला छान होतं, नाही कशाला म्हणू. पण भिजल्या अंगाने, पहाटे उठून किसलेल्या दुधीची किंमत मनात करत ऐकावं लागलं. शेवटी मी विचारलं, "आजोबा, तुमची शुगर किती?"

"मोजली न्हाई कधी," ते म्हणाले आणि चहात चौथं बटर बुडवलं.

ट्रे बाहेर आला. फुगायचे तेवढे फुगले नव्हते. कडेचे बरे होते, मधले खोलगट. आत शिजलेत का बघायला टूथपिक नव्हती. आजोबांनी खिशातून काडेपेटी काढली, एक काडी निवडली, उलट्या बाजूने मधल्या मफिनमध्ये खुपसली. काडी कोरडी निघाली. मग त्यांनी ती चाटली.

"मीठ हाय," त्यांनी जाहीर केलं.

एक मफिन त्यांनी खाल्ला, सगळा. म्हणाले, "वाईट न्हाई. पण ह्याला वरनं रस्सा पायजे." अजून एक कागदात बांधून मागितला. "म्हातारीला दाखवतो. नुसतं सांगून तिला खरं वाटायचं न्हाई."

मी भट्टीवाल्याला पैसे विचारले. तो म्हणाला, "राहू दे ताई. तुमचं आधीच लई झालंय." त्याने शंभर रुपये मागितले असते तर मी आनंदाने दिले असते.

घरी आले तर वीज आलेली होती. आण्णा आणि नवरा रंकाळ्याला फेरी मारून परतले होते. शुगरसाठी चालायचं, हे कागदावर दुसऱ्या क्रमांकाला आहे आणि ते दोघं मनापासून पाळतात, पावसातसुद्धा छत्री घेऊन. आण्णांच्या पांढऱ्या मिशीची कड तांबडी होती.

"मिसळ?" मी विचारलं.

"बाईंनीच लिहिलंय की, मोड आलेलं खा," आण्णा म्हणाले. "मटकी मोडाचीच असती." नवरा म्हणाला की आण्णांनी ब्रेडचा एकच स्लाइस घेतला. मिसळीच्या तिखट कटाबद्दल दोघंही बोलले नाहीत.

आता इथे मला हसू यायला पाहिजे होतं. पण कागद वाचायचा मी, गाजरं किसायची मी, आणि त्यातली सोयीची ओळ शोधून बाहेर खाऊन यायचं यांनी. बरं, 'एवढं कुणी सांगितलं होतं करायला?' हेही पुढे येतंच. आलंच. नवरा म्हणाला, "तुला हौस आहे म्हणून करतेस तू." मला हौस झोपायची आहे. रविवारी आठपर्यंत. ती हौस आजवर कुणाच्या नजरेला पडलेली नाही. कागदावर रुग्णाच्या नावाशेजारी 'सून' असा रकाना नाही, पण आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं समजावताना आण्णांकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्या माझ्याशीच बोलत होत्या आणि आण्णा खिडकीतून बाहेर बघत होते.

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेले. जरा जास्तच वेळ लावला.

बाहेर आले तो घरभर मोहरी-कढीलिंबाचा वास. सासूबाईंनी सगळे मफिन कुस्करले होते. कढईत तेल, त्यात भरपूर कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, चमचाभर कांदा-लसूण चटणी, वरून कोथिंबीर आणि लिंबू. शिळ्या पोळीचा कुस्करा करतात तसं सगळं साग्रसंगीत. हेल्मेट उतरवलेला पोरगा दुसरी बशी घेत होता. नवरा 'आईच्या हाताला चवच वेगळी' म्हणत होता. आण्णा, एक प्लेट मिसळ पोटात असलेले आण्णा, कढईच्या कडेचं खरवडून मागत होते.

मीही खाल्लं. चांगलं झालं होतं, त्याला काय करणार.

तेवढ्यात इचलकरंजीहून नणंदेचा फोन आला. सासूबाईंनी स्पीकरवर टाकला आणि कृती सांगायला घेतली. कांदा किती, मिरच्या किती, शेंगदाणे आधी तळून बाजूला काढायचे, हे सगळं बारकाईने. नणंदेने विचारलं, "पण आई, ते आतलं हिरवं काय म्हणालीस ते कुठं मिळतं?"

"ते काय अवघड न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "बेकरीतनं आणती ही." आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या, "पुढच्या रविवारी दोन ट्रे आण गं. फोडणीला कमी पडलं."