जुनं डोमेन सोडा म्हणणारा मेसेज पुढे पाठवू नका

सांगलीत हळदीचा व्यापार करणाऱ्या माझ्या मेव्हण्याने काल विचारलं, "दाजी, जुनं डोमेन सोडून देऊ का?" डोमेन म्हणजे धंद्याच्या वेबसाइटचा आणि मेलचा पत्ता. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: शेकडो नवीन एक्स्टेंशन (म्हणजे पत्त्याच्या शेवटची डॉट कॉमसारखी शेपटी) आली, स्पर्धा वाढली, दर पडले, डॉट कॉम संपलं, देवनागरी नावंही आता येणार, तेव्हा नवं नाव स्वस्तात घ्या आणि जुन्याचं रिन्युअल भरू नका.

हा शेवटचा सल्ला सगळ्यात घातक. रिन्युअल थांबलं की मुदतीनंतर काही आठवड्यांनी ते नाव कुणालाही विकत घेता येतं. मग त्या पत्त्यावर येणारी मेल नव्या मालकाच्या हाती पडू शकते. ऑर्डरी, बँकेचे निरोप, पासवर्ड बदलायच्या लिंकसुद्धा. पाकिटांवर आणि बिलांवर छापलेला पत्ता त्याचा होतो. त्याने तिथे बनावट दुकान थाटलं तर फसलेलं गिऱ्हाईक तुमच्याच दारात येणार. वर्षाचं रिन्युअल वाचवायला एवढी जोखीम घ्यायला लोकांना कसं सांगवतं?

पत्ता सोडणं इतकं महाग असतं म्हणूनच 'एक्स्टेंशन वाढली की दर पडतात' हा दावाही टिकत नाही. डोमेन विकणारा रजिस्ट्रार बदलता येतो, पण एका एक्स्टेंशनची रजिस्ट्री, म्हणजे ते एक्स्टेंशन चालवणारी आणि रजिस्ट्रारला नावं पुरवणारी कंपनी, एकच असते. धंदा त्या नावावर बसला की ती म्हणेल तो दर. 2017 मध्ये युनिरजिस्ट्री नावाच्या अशाच एका रजिस्ट्रीने आपल्या काही एक्स्टेंशनचे दर एकदम वाढवायचं जाहीर केलं. डॉट होस्टिंग साधारण 20 डॉलरवरून 300 वर जाणार होतं. गोडॅडी या मोठ्या रजिस्ट्रारने ती एक्स्टेंशन विकणंच थांबवलं. ओरड झाली तेव्हा कुठे जुन्या ग्राहकांना या वाढीतून वगळलं. नव्या एक्स्टेंशनांच्या दरावर आयकॅनची, म्हणजे जगभरची डोमेनव्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेची, कमाल मर्यादा नाही. रिन्युअलचे दर वाढवण्याआधी सहा महिने कळवायचं आणि तेवढ्या काळात जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत रिन्यू करू द्यायचं, एवढंच बंधन आहे.

डॉट कॉम संपलं? पंधरा कोटींहून जास्त नावं आजही त्यावर आहेत. आयकॅनने 2012 मध्ये नव्या एक्स्टेंशनसाठी अर्ज मागवले, त्या फेरीतून बाराशेहून अधिक आली, तरी डॉट कॉमचा घाऊक दर, म्हणजे रजिस्ट्री रजिस्ट्रारकडून एका नावाचे वर्षाला घेते तो, 2021 ते 2024 या काळात 7.85 डॉलरवरून 10.26 वर गेला. ही वाढसुद्धा डॉट कॉमच्या रजिस्ट्रीच्या अमेरिकन सरकारशी झालेल्या करारातली मर्यादा पाळून! स्पर्धा खरोखर टक्कर देत असती तर दर चढले असते का?

स्पर्धेने डोमेन स्वस्त झालं, यात तथ्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. पण ते 1999 मध्ये. तोवर डॉट कॉम विकायचा मक्ता एकट्या नेटवर्क सोल्युशन्सकडे होता. विक्री इतर रजिस्ट्रारांना खुली केल्यावर किरकोळ दर उतरले. तेव्हा एक्स्टेंशन एकही वाढलं नव्हतं. त्याच मालाला विकणारे वाढले होते. नवीन एक्स्टेंशन देताना खरी स्पर्धा हवी असेल तर रजिस्ट्रीच्या करारातच रिन्युअलच्या दरावर लगाम हवा, आणि मुदत संपल्यावर तो करार पुन्हा बोलीला काढायला हवा.

देवनागरी नावं 'आता येणार' हेही चूक. भारतातली डोमेन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेचं डॉट भारत 2014 पासून आहे, मराठीत नाव हवं असेल तर आजच घेता येतं. जरूर घ्या, पण जुन्याच्या जोडीला, आणि पैसे भरण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर विचारून.