तार्दीच्या तीन पट्ट्या: एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. फ्रेंच चित्रकथाकार झाक तार्दीवरच्या माझ्या लेखाला तुमचे तीन आक्षेप आहेत. पहिल्या महायुद्धावरच्या त्याच्या चित्रकथांत पानोपानी त्याच तीन आडव्या चौकटी असल्याने कंटाळा येतो. रक्तमांस दाखवून पुस्तकं खपवली आहेत. आणि १९१७च्या बंडानंतर (फ्रेंच सैनिकांनी हल्ला करायला नकार दिला, ते) फ्रेंच सैन्याने आपल्याच जवानांना गोळ्या घातल्याचा बाऊ केला आहे. शेवटचा आधी घेतो, कारण त्यात तुमचं निम्मं बरोबर आहे.

१९१७च्या बंडाबद्दल साडेपाचशेच्या आसपास मृत्युदंड सुनावले गेले, पण प्रत्यक्षात तिसांहून कमी जणांना गोळ्या घातल्या. मात्र संपूर्ण युद्धात आज्ञाभंगाबद्दल मारलेल्यांचा आकडा सहाशेच्या वर जातो, आणि त्यातले बहुतेक १९१४ आणि १९१५मधले. सप्टेंबर १९१४मध्ये खास युद्ध-न्यायालयं बसवली: तीन न्यायाधीश, अपील नाही. एप्रिल १९१६मध्ये ती बंद झाली. तेव्हा तार्दीला या मुद्द्यावर पडताळायचं, तर १९१७ हे सालच चुकीचं. एकांगीपणाचं म्हणाल तर तो आहेच. त्याचे वरिष्ठ अधिकारी सरळसरळ व्यंगचित्रं आहेत, आणि सैनिक सक्तीने लढले की मनापासून, यावर फ्रेंच इतिहासकारांचं अजून एकमत नाही. हे इतिहासकाराचं काम नव्हे, असं तार्दी प्रस्तावनेतच सांगून मोकळा होतो.

आता चौकटी. त्याचं खंदकयुद्धावरचं ‘सेते ला गेर दे त्रांशे’ (१९९३) उघडा आणि एक पट्टी नीट बघा. रुंदी उंचीच्या दुपटीहून जास्त. अशा पट्टीत आकाशाला जागा उरत नाही, उभा माणूस पूर्ण मावत नाही, झेंडा फडकवायला तर नाहीच नाही. खंदकातून दिसतं तेवढंच दिसतं. एरवी चित्रकथेत मोठा प्रसंग आला की चौकट मोठी होते. इथे सूप पिणं आणि आतडी बाहेर येणं यांना सारखंच माप मिळतं. तुम्हाला आलेला कंटाळा हा त्याने मुद्दाम आणलेला आहे. फक्त फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचू नका. पट्ट्या सुट्या पडल्या की पानाचं ओझं जातं आणि उरतात नुसती भयानक चित्रं. अख्खं पान एका नजरेत यायला हवं.

तीन पट्ट्या हा आळस नाही, याचा पुरावा ‘ल क्री द्यु पप्ल’मध्ये मिळतो. १८७१च्या पॅरिस कम्यूनवरचे (शहरातल्या बंडखोरांच्या अल्पजीवी सरकारवरचे) हे चार खंड (२००१ ते २००४) त्याने आडव्या आकारात काढले. विषय रस्त्यांचा, गर्दीचा, बॅरिकेडचा, म्हणून कागदच आडवा केला.

रक्ताबद्दल: १९९३चं पुस्तक काळ्या-पांढऱ्यात, करड्या छटांचं आहे. त्यात रक्त आणि चिखल एकाच रंगाचे! रंग बघायचा तर त्याच महायुद्धावरचं ‘प्युतँ द गेर’ घ्या (२००८-०९). सुरुवातीला हिरवी शेतं, निळे कोट, लाल विजारी. (हा लाल मंजिष्ठेचा म्हणून ओळखला जाई, १९१४पर्यंत त्याचं कृत्रिम रंगद्रव्य जर्मनीतून येत होतं, हा विनोद तार्दीचा नव्हे, इतिहासाचा.) मग पानागणिक रंग गळत जातो. १९१५मध्ये फिकट निळा गणवेश आणि एड्रियन हेल्मेट (फ्रेंच सैनिकांचं पोलादी शिरस्त्राण) येतं. पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटरचा: वरून पडणारे श्रापनेलचे (हवेत फुटणाऱ्या तोफगोळ्यातले) छोटे गोळे अडवायचा, रायफलची गोळी नाही. असे तपशील सहसा चुकत नाहीत, कारण सोबत महायुद्धाचा अभ्यासक आणि संग्राहक झाँ-पिएर व्हेर्नी होता. त्याच्याच संग्रहातून २०११मध्ये फ्रान्समधल्या मो शहरातलं महायुद्ध संग्रहालय उभं राहिलं.

खपाचा आरोप असलेल्या या माणसाने जानेवारी २०१३मध्ये ‘लेजियों द’ऑनर’ हा फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान नाकारला, एवढंही नोंदवून ठेवा.

मूळ लेखात गोळ्या घालण्याच्या शिक्षांपुढे मी नुसतं ‘१९१७’ लिहिलं होतं. ते दुरुस्त केलं आहे.