हू आर यू हिअर फॉर?

इंग्रजी मला येतं हो. म्हणजे कोटेशन, टॉलरन्स, डिस्पॅच, 'काइंडली रिलीज पेमेंट', एवढं सगळं येतं, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला ह्याच्यापेक्षा जास्त लागत पण नाही. पण पुण्यातल्या पुतणीनं मुंबईच्या लोलापलूझा नावाच्या संगीत महोत्सवाची दोन तिकिटं काढली, तिची मैत्रीण ऐनवेळी गळाली, तिकीट वाया जायला नको म्हणून माझं नाव घुसलं आणि तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट सुरू. "काका, मी सांगतो तसंच बोलायचं हां, तिथं 'सरक की भावा' चालत नाही." पुण्यात आयटीत लागली तरी पोरीचं कोल्हापुरी 'सांगतो' सुटलं नाही, तेवढंच जरा बरं वाटलं.

तर सरक की भावाच्या जागी म्हणायचं, 'माइंड इफ आय स्क्वीज पास्ट?' आता महाद्वार रोडला विसर्जनाच्या रात्री डॉल्बीसमोरनं वाट काढलेल्या माणसाला हे शिकवायचं म्हणजे कमालच आहे. एवढं वाक्य पूर्ण होईस्तोवर मागच्या चार जणांनी आपल्याला उचलून पुढं नेलेलं असतंय.

आणि शब्द तरी सरळ असावेत की नाही. गाणं आवडलं तर 'फायर', लईच आवडलं तर 'सिक', आणि बँडनं स्टेज गाजवलं तर 'दे किल्ड इट'. आजारपण, आग, खून. हे मी लेथवर जॉब लावून, कानात इअरफोन घालून पुटपुटत होतो तर बाजूच्या मशीनवरचं पोरगं काम थांबवून बघायला लागलं. म्हणालं, "मालक, कुणाचं काय झालंय काय?" त्याला म्हटलं गप जॉब बघ.

मॉश पिट मात्र मला लगेच समजलं. स्टेजपुढं गोल रिकामा करायचा आणि एकमेकाला धडका मारायच्या, फक्त कोण पडला तर सगळ्यांनी मिळून आधी त्याला उचलायचं हा तिथला नियम. हे बरंय की! खासबागच्या कुस्ती मैदानाजवळ वाढलेल्या माणसाला ह्यात शिकायला काय नाही. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही पिटात जायचं नाही, गुडघा बघा आधी."

सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे 'हू आर यू हिअर फॉर?' ओळख नसलेला माणूस पण विचारतो म्हणे. मी म्हटलं, "माय नीस." तिकडं बराच वेळ शांतता. मग कळलं की कुठला कलाकार ऐकायला आलाय ते सांगायचं असतंय. लाइनअपचं, म्हणजे कोण कोण गाणार त्या यादीचं पोस्टर पाठवलंय तिनं, वरती हेडलायनर, म्हणजे मुख्य कलाकार, मोठ्या अक्षरात आणि खाली खाली येईल तसं अक्षर बारीक, शेवटची नावं तर चष्मा लावून पण लागत नाहीत.

म्हटलं निदान इतिहास तरी वाचून जाऊ. तर हे लोलापलूझा १९९१ साली पेरी फॅरेल नावाच्या गायकानं अमेरिकेत सुरू केलं, आपल्या बँडच्या निरोपाचा दौरा म्हणून! निरोप अजून चालूच आहे, आमच्या भागातल्या पुढाऱ्यांच्या निवृत्तीसारखा. भारतात ते २०२३ ला आलं, महालक्ष्मी रेसकोर्सवर. पण मला आवडलं ते इंग्लंडचं ग्लॅस्टनबरी. १९७० साली मायकल इव्हिस नावाच्या दूधवाल्या शेतकऱ्यानं आपल्याच रानात भरवलं, तिकीट एक पौंड आणि वर दूध फुकट. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगितलं तर निम्मं गाव पासपोर्ट काढंल.

शेवटचा धडा 'सेट क्लॅश'चा. एकाच वेळेला दोन स्टेजवर दोन आवडीचे कलाकार आले की एकाला सोडावं लागतं, त्यावरनं पोरं आठवडाभर हळहळतात म्हणे. आता माझा क्लॅश ऐका. ध्वनिप्रदूषणाच्या नियमामुळं उघड्यावर दहाला आवाज बंद, म्हणजे हेडलायनर त्याच्या आधी दीड-दोन तास, आणि सीएसएमटीवरनं आपली महालक्ष्मी एक्सप्रेस सुटते नेमकी आठ-साडेआठला. महालक्ष्मीच्या गावचा माणूस, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, आणि महालक्ष्मीच चुकणार! मी पुतणीला म्हटलं सातला निघू, जागेवर बसून डबा खाऊ, झोपून सकाळी घरात. तर म्हणाली, "हेडलायनर सोडून कोण जातं काय काका? लोक काय म्हणतील?" कुठले लोक, तिथं मला ओळखतंय कोण?

शेवटी ट्रॅव्हल्सचं स्लीपर बघितलं. वरचाच बर्थ राहिलाय, तो पण मागच्या चाकावरचा. फोनवरच्या माणसाला म्हटलं अर्ली बर्ड, म्हणजे लवकर बुकिंगची सवलत, काय आहे का, तर म्हणाला, "नॉनएसी आहे, चालंल का?"